धूळपाटी ते संख्यावाचन : मराठी शाळेतल्या पहिल्या इयत्ता

पेशवाईच्या अखेरीस मराठी मुलखातली शाळा म्हणजे एक पंतोजी आणि त्याच्या भोवती बसलेली पंधरा-वीस मुले. शाळेला स्वतःची इमारत क्वचितच असे. देवळाचा सभामंडप, एखाद्या सावकाराच्या वाड्याची ओसरी किंवा पंतोजीच्याच घराची पडवी, एवढ्यावर भागे. इयत्ता, वेळापत्रक, छापील पुस्तक यांतले काहीच नव्हते. चांगला दिवस पाहून मुलाला शाळेत बसवले जाई आणि मग ते आपल्या मगदुराप्रमाणे पुढे सरके. पंतोजीला ठरलेला पगार नसे. पालक थोडे पैसे देत, सुगीला धान्य देत आणि सणावारी शिधा पोचवत. गोव्यात हेच काम शेणवी मामा करत.

१८२१ मध्ये मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी लिहून ठेवले की, इलाख्यात शाळा नाही असे लहानमोठे गाव जवळपास सापडणार नाही. हे विधान पुढे फार वापरले गेले, पण त्यानंतर झालेल्या मोजणीशी ते जुळत नाही. १८२९ च्या आकड्यांनुसार मुंबई इलाख्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख होती. तेवढ्या लोकांत १,७०५ शाळा आणि ३५,१५३ विद्यार्थी होते. यातल्या फक्त २५ शाळा सरकारी होत्या. उरलेल्या १,६८० गावठी शाळांत ३३,८३८ मुले शिकत. म्हणजे शाळेमागे सरासरी वीस मुले, आणि सगळ्या लोकसंख्येत दर सुमारे १३३ माणसांमागे एक विद्यार्थी. ही मुले बहुतेक ब्राह्मण, वाणी, सोनार, प्रभू अशा लिहिण्यामोजण्यावर पोट असणाऱ्या घरांतली. मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना शाळेचा उंबरा बंद होता.

मुलाचे पहिले साधन धूळपाटी. लाकडी फळीवर विटेची किंवा तांबडी माती बारीक करून पसरायची आणि तीवर काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे. चुकले की फळी हलवायची. अक्षर नाहीसे होई आणि पाटी पुन्हा कोरी. कागद महाग होता, म्हणून ही सोय. अक्षरांच्या आधी नमन येई. ‘ॐ नमः सिद्धम्’ हा मंत्र मुलांच्या तोंडी ‘ओ ना मा सी धं’ असा होऊन बसला होता आणि त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगत नसे. मग मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे. पंतोजी किंवा मोठा मुलगा कित्ता घालून देई आणि लहान मुलगा त्यावरून काडी फिरवत राही, हात वळेपर्यंत. या फिरवण्याला घोटणे म्हणत. दसऱ्याला पाटीवर एक या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करण्याची चाल मात्र धूळपाटी गेली तरी टिकली.

अक्षरांइतकाच, कित्येक शाळांत त्याहून जास्त, वेळ अंकांना जाई. शंभरापर्यंत उजळणी झाली की पाढे सुरू होत आणि तीसपर्यंतच्या पाढ्यांवर ते थांबत नसत. खरी कसोटी अपूर्णांकांच्या पाढ्यांची होती. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सात सव्वे पावणेनऊ, बारा दिढे अठरा, नऊ औटे साडेएकतीस, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला न अडखळता यावे लागे. दिवेलागणीला घरी परवचा होई, तेव्हा हेच पाढे पुन्हा मोठ्याने म्हणायचे आणि घरातल्या मोठ्यांनी ऐकायचे.

आजच्या वाचकाला ही मेहनत निरर्थक वाटण्याचा संभव आहे. त्या काळचा बाजार पाहिला की तिचे कारण कळते. रुपयाचे आणे सोळा आणि शेराच्या छटाकाही सोळाच. रुपया निम्मा केला की आठ आणे, पुन्हा निम्मा केला की पावली. शेर निम्मा केला की अर्धा शेर, पुन्हा निम्मा केला की पावशेर. नाणे आणि माप दोन्ही निम्म्यानिम्म्याने तुटत, त्यामुळे भावही सव्वा, दीड, अडीच अशा भाषेत बोलले जात. सावकाराचे व्याज शेकडा दरमहा सव्वा किंवा दीड रुपया असे. सव्वा रुपयाने सात पायल्या घेणाऱ्याला गुणाकार मांडायला कागद कुठला? सवायकी पाठ असली की उत्तर तोंडातून निघे आणि समोरच्याला फसवता येत नसे. पावकी-औटकी ही मुलाच्या डोक्यात भरून ठेवलेली दुकानदारी होती. सात वर्षांच्या मुलाला साडेतीनचा पाढा झेपतो का, असा प्रश्न कोणी विचारत नव्हते. तो त्याला लागणार आहे, एवढेच कारण पुरेसे होते.

लिपीच्या बाबतीतही असेच. देवनागरीला बाळबोध म्हणत आणि पोथ्या बाळबोधीत असत, पण हिशेब, पत्रे, दस्तऐवज मोडीत चालत. म्हणून हात स्थिरावलेल्या मुलाला मोडीचे वळण दिले जाई. हात न उचलता ओळ ओढायची आणि वडीलधाऱ्यांना, बरोबरीच्यांना, सरकारदरबारी कोणाला कसे मायने घालायचे ते पाठ करायचे. बोरू तासणे आणि काजळाची शाई करणे हाही शिक्षणाचाच भाग होता. या शाळेतून चार-पाच वर्षांनी बाहेर पडणारा मुलगा कुळकर्ण्याच्या दप्तरात किंवा पेढीवर कामाला लागू शके. त्याने गोष्टीचे एकही पुस्तक वाचलेले नसे. शिक्षा मात्र भरपूर खाल्लेली असे. छडी तर होतीच, शिवाय अंगठे धरून ओणवे उभे राहणे, कोंबडा होणे, वेळप्रसंगी तुळईला टांगणे हेही होते. पंतोजीचा मार सोसलेल्या पिढ्यांनी पुढे त्या शाळेबद्दल हसत हसत लिहिले, हा मराठी आठवणलेखनाचा एक विशेषच आहे.

एकाच पंतोजीने निरनिराळ्या टप्प्यांवरची वीस मुले सांभाळायची तर मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे भागच होते. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि तो प्रकार आपल्या शाळेत आणला. त्याला मुलांकडून मुलांना शिकवण्याची जोड देऊन त्याने इंग्लंडमध्ये त्याचा प्रसार केला. तिथे जोसेफ लँकेस्टरनेही तशीच पद्धत चालवली. तीच पद्धत थोड्याच वर्षांत सुधारलेली इंग्रजी रीत म्हणून मुंबई इलाख्यात परत आली. पंतोजींना तीत नवे काय आहे हे कळले नसेल तर नवल नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२० च्या सुमारास, देशी भाषांत शाळा आणि शाळापुस्तके तयार करण्यासाठी मंडळी उभी राहिली. १८२७ पासून ती ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली गेली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली गणिताची मराठी पुस्तके झाली आणि मुंबईत तयार केलेले शिक्षक १८२६ पासून जिल्ह्याच्या गावी पाठवले गेले. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या जिल्हा परिषद शाळा आपला जन्म याच काळाशी जोडतात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. लहान मुलाने वाचण्यासाठी म्हणून छापलेले गद्य मराठी शाळेत इथून रुजू लागते. कोल्हा, करकोचा आणि सिंह शाळेत आले आणि गोष्टीखालचे तात्पर्यही त्यांच्यासोबत आले. ते तात्पर्य पुढची शंभर वर्षे क्रमिक पुस्तकातून हलले नाही.

छापील पुस्तकाने शाळेचा आवाज बदलला. पूर्वी सगळे मोठ्याने म्हणायचे. आता ‘वाचन’ नावाची वेगळी गोष्ट झाली. तिच्यासाठी प्रमाण मराठी ठरवावी लागली. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. शाळापुस्तकांच्या भाषेवर सगळ्यात जड हात पडला तो मेजर थॉमस कँडीचा. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मराठीला सवयीची नसलेली चिन्हे त्याने समजावून सांगितली. त्याची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. एका परकी अधिकाऱ्याने मुलांची भाषा बेतावी हे अनेकांना टोचले, आणि कँडीची मराठी खरोखरच पुष्कळदा ताठ आहे. तरी मूल वाक्य कुठे थांबवते, हे तेव्हापासून त्यानेच ठरवले.

१८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ मध्ये शिक्षण खाते निघाले. इयत्ता आल्या, हजेरीपट आला, दगडी पाटी आणि पेन्सिल आली. पहिलीच्याही खाली ‘बिगारी’ म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग असे. वर्षातून एकदा ‘दिपोटी’, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, येई. त्याच्या पुढे मुलांनी धडा वाचायचा, पाढे म्हणायचे, नकाशावर नद्या दाखवायच्या. भूगोल ही नवीच गोष्ट होती. पृथ्वी गोल असून सूर्याभोवती फिरते असे शाळा सांगे आणि घरची पोथी वेगळेच सांगे. मराठी सातवी झाली की व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे. ती पास झालेला मास्तर किंवा तलाठी होई. पंतोजीच्या शाळेचा हेतू पेढी आणि दप्तर होता. या शाळेचा हेतू कचेरी झाला.

पट मात्र अजून जुन्याच घरांचा होता. मुलींसाठी अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत शाळा काढली. पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची शाळा १८४८ मध्ये सुरू झाली. मुंबईत पुढच्याच वर्षी ‘स्टुडंट्स सोसायटी’च्या मुलींच्या शाळा निघाल्या आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात त्यांना जागा दिली. महार-मांग मुलांसाठी फुल्यांनी १८५२ मध्ये पुण्यात शाळा काढली. या शाळांचा विषयक्रम सरकारी शाळेहून फार वेगळा नव्हता; त्यात बसणारे मूल वेगळे होते. मुलींच्या वाट्याला शिवणकाम जास्तीचे आले आणि ते पुढे शंभर वर्षे त्यांच्याच वेळापत्रकात राहिले.

१८६० च्या दशकात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आण्याची स्थानिक पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. पट्टी कुणब्याने भरायची आणि शाळेत त्याचे मूल नसायचे. १८८२ मध्ये शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेल्या निवेदनाचा रोख इथे आहे. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी सर्वांना माहीत असते. अभ्यास काय असावा यावरचा भाग कमी वाचला जातो. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांचे थोडे धडे, असा त्यांचा आराखडा होता. शिक्षक शक्यतो शेतकरी जातींतले असावेत, गरज पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारे असावेत, असेही त्यांनी मांडले. फुले अभ्यासाला पेढीच्या आणि कचेरीच्या बाहेर काढून शेताकडे नेत होते. मूल कुणाचे आहे, हे आधी पाहून काय शिकवायचे ते ठरवण्याचा मराठीतला हा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणावा लागेल.

सक्ती प्रथम संस्थानांत आली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात कायदा लागू केला. मुलग्यांना सात ते बारा, मुलींना सात ते दहा वर्षे. मुलींची शाळा दोन वर्षे आधी सुटली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात आणलेले विधेयक पुढच्या वर्षी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्ये बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूमही त्यांचाच. ब्रिटिश मुलखात १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना आणि १९२३ च्या कायद्याने स्थानिक मंडळांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. मुभा होती, पैसा नव्हता. म्हणून सक्ती कागदावर रेंगाळली.

मुलाच्या वयाचा विचार अभ्यासात खऱ्या अर्थाने शिरला तो बालवाडीच्या दारातून. भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठीत आणला. माँटेसरी पद्धतीची महागडी लाकडी साधने त्यांनी खेड्यात नेली नाहीत. बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून मोजणे आणि वर्गीकरण शिकवले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात जाईल, ढोरे राखणारी मुले कुरणात असतात तर शाळा कुरणात भरेल, असे त्यांचे धोरण होते. त्यातून अंगणवाडी आणि कुरणशाळा निघाली. अंगणवाडी हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले. इथे मुलाला आंघोळ घालणे, नखे कापणे, गाणे म्हणणे हाही अभ्यास होता. पंतोजीने हे ऐकले असते तर शाळा आणि दाईचे काम यांत फरक काय, असे विचारले असते.

बालवाडीचा विचार रुजत होता त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने गांधीजींची मूलोद्योगी शाळा आली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली. झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई इलाख्यात तो निवडक शाळांत सुरू केला. पहिलीच्या मुलाच्या हाती टकळी आणि पेळू आला. सूत किती निघाले ते मोजता मोजता गणित, कापूस कुठे पिकतो त्यातून भूगोल, अशी कल्पना होती. कल्पना चांगली असली तरी बहुतेक शाळांत उरला तो सूतकताईचा तास. गणित त्यातून निघत नव्हते, ते नंतरच्या तासाला फळ्यावर वेगळे शिकवले जाई. स्वातंत्र्यानंतर ‘जीवन शिक्षण’ नावाच्या शाळांत टकळी काही वर्षे फिरली आणि मग कपाटात गेली.

धूळपाटीच्या काळापासून टिकलेल्या दोन गोष्टी १९५० च्या दशकात बाहेर पडल्या. मोडी सरकारी व्यवहारातून आणि शाळेतूनही गेली. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १९५८ ते १९६२ या काळात शेर, पायली, मण यांच्या जागी किलो आणि लिटर आले. सोळा आणे आणि सोळा छटाका संपल्या, तशी पावकी-सवायकीच्या पायाखालची जमीन गेली. हे पाढे अभ्यासक्रमावर टीका करून कोणी हटवले नाहीत. बाजाराने ते निकामी केले. तरीही आजोबांच्या आग्रहाने पाऊणकी पाठ करणारी मुले पुढची वीसेक वर्षे घरोघर होती. एक ते तीस पाढे मात्र जागचे हलले नाहीत.

पुस्तकांचे चित्र तोवर खाजगी वाचनमालांचे होते. १९३० च्या दशकात आचार्य अत्र्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ काढली आणि क्रमिक पुस्तकात चांगले लेखक, विनोद आणि मुलांच्या जिभेवर बसणारी कविता आणली. कोठारी शिक्षण आयोगानंतर, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली. राज्यभर एकच स्वस्त, सचित्र पुस्तक मिळू लागले. मुंबईतले आणि गडचिरोलीतले मूल एकच धडा वाचू लागले, याचा फायदा मोठा होता. गडचिरोलीच्या मुलाला घरची गोंडी किंवा माडिया पुस्तकात सापडत नव्हती, हा तोटाही तितकाच खरा होता. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला शिवचरित्र हा क्रम या पुस्तकांनी असा रुजवला की पन्नाशीतली माणसे आजही आपली चौथी त्या पुस्तकावरून ओळखतात.

१९९५ नंतर शाळेच्या दिवसात जेवण आले. केंद्राच्या योजनेतून आधी हजेरीवर महिना तीन किलो तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजवून देणे सुरू झाले आणि दुपारची खिचडी हा प्राथमिक शाळेचा ठरलेला प्रसंग बनला. एका पंगतीत बसणे हा कुठल्याही पुस्तकात नसलेला धडा काही गावांत सहज, तर काही गावांत कुरबुरीने शिकला गेला. २००० मध्ये महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. इंग्रजी माध्यमाकडे निघालेला पट थांबवणे हा त्यामागचा हेतू होता; तो पट थांबला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे आणि मारणे दोन्ही बंद केले. छडी कायद्याने गेली, आणि वार्षिक परीक्षेच्या जागी वर्षभराच्या नोंदी आल्या.

जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ‘सत्तेचाळीस’च्या सोबत ‘चाळीस सात’ असे वाचनही दिले होते. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो. त्यामुळे मुले ४७ च्या जागी ७४ लिहितात, हे कोणत्याही दुसरीच्या शिक्षकाला ठाऊक असते. वयाकडे पाहून केलेला हा बदल होता आणि जुनी नावे काढलेली नव्हती. विरोध मात्र विधिमंडळापर्यंत गेला, आणि त्यात मुलांना काय अवघड जाते यापेक्षा मराठी बुडते की काय याचीच चर्चा झाली.

२०२१ च्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधा हिशेब करता यावा, असे उद्दिष्ट २०२६-२७ सालासाठी ठेवले. त्या मुदतीआधीच पहिलीच्या अभ्यासाने पुन्हा राजकारण ढवळले. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा केली आणि जूनमध्ये ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी अशी दुरुस्ती केली. लेखक, शिक्षक आणि राजकीय पक्ष विरोधात उतरल्यावर २९ जून रोजी दोन्ही शासननिर्णय मागे घेतले गेले. तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी हे ठरवण्यासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली.